वार, गाठ आणि शिनाणे: स्टेरॉइड बदलणारे एन्झाइम मोजायला बसण्याआधी

बाळंतपणानंतरच्या वारेत अ‍ॅरोमॅटेज (अँड्रोजनचं इस्ट्रोजेन करणारं एन्झाइम) पहिल्याच दिवशी सापडतं. स्तनाच्या गाठीत तीच पद्धत वापरली की आकडा ब्लँकमध्ये (एन्झाइमचं काम नसतानाही मिळणाऱ्या आकड्यात) बुडून जातो. आणि शिनाण्याच्या (समुद्री शिंपल्याच्या) पचनग्रंथीत आकडा झकास मिळतो, पण तो अ‍ॅरोमॅटेजचा असेलच असं नाही. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांचे पहिले सहा महिने या तीन वाक्यांत जातात. म्हणून शिकण्याचा क्रमही तोच ठेवा: आधी वार, मग गाठ, शेवटी समुद्रातले प्राणी. उलट्या क्रमाने गेलात तर चूक हाताची, पद्धतीची की प्राण्याची, हे कधीच कळणार नाही.

१. एन्झाइम आणि दिशा आधी ठरवा

"स्टेरॉइड मेटाबोलिझम बघायचं आहे" एवढ्यावर प्रयोग सुरू होत नाही. कोणता पदार्थ घालणार, कोणता निघणार आणि कोणतं सहविकर (एन्झाइमला लागणारा मदतनीस रेणू) देणार, हे वहीत एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल तर बर्फ आणायला जाऊ नका.

अ‍ॅरोमॅटेजच्या बाबतीत ओळ सरळ आहे. अँड्रोस्टेनडायोन घालायचं, इस्ट्रोन निघतं. हे एन्झाइम मायक्रोसोममध्ये (पेशीतल्या पडद्यांच्या तुकड्यांत) असतं, त्याला एनएडीपीएच हे सहविकर आणि ऑक्सिजन लागतो, आणि एका रेणूमागे दोन्ही तीन-तीन खर्च होतात. ही प्रक्रिया मागे फिरत नाही.

खरी गंमत, आणि खरा घोळ, १७-बीटा-एचएसडी (हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजनेज) या एन्झाइमांच्या कुटुंबात आहे. टाइप १ जिवंत पेशीत इस्ट्रोनचं इस्ट्राडायॉल करतं, टाइप २ बरोबर उलटं. पेशीत एनएडीपीएचचं पारडं एनएडीपीपेक्षा जड असतं आणि एनएडीचं पारडं एनएडीएचपेक्षा, म्हणून प्रत्येकाला आपापली दिशा मिळते. ऊती वाटली की ही पारडी मोडतात. मग दिशा तुम्ही ठरवता, नळीत काय घालता त्यावर. वारेच्या सायटोसोलमधल्या (पेशीतल्या द्रवातल्या) टाइप १ ला एनएडी दिलंत तर तेही मुकाट्याने इस्ट्राडायॉलचं इस्ट्रोन करून दाखवतं. तेव्हा वाटलेल्या ऊतीतल्या आकड्यावरून "या गाठीत इस्ट्राडायॉल तयार होतं" असं लिहिणं चूक आहे. तसं म्हणायचं असेल तर अख्ख्या पेशींवर किंवा ऊतीच्या ताज्या कापांवर, बाहेरून सहविकर न घालता बघावं लागतं.

दोन प्रकार वेगळे करायची सोपी युक्ती: मायक्रोसोममध्ये टेस्टोस्टेरॉन आणि एनएडी घाला. टाइप २ त्याचं अँड्रोस्टेनडायोन करतं, टाइप १ टेस्टोस्टेरॉनकडे जवळपास ढुंकून बघत नाही.

११-बीटा-एचएसडीचंही असंच. टाइप १ पेशीत कोर्टिसोनचं कोर्टिसोल करतं, पण त्याला लागणारं एनएडीपीएच पेशीतल्या पडद्यांच्या जाळीच्या आतल्या पोकळीत तयार होत असतं. वाटताना ती पोकळी फुटते आणि तेच एन्झाइम उलटं चालायला लागतं. टाइप २ चं काम मूत्रपिंडात आणि वारेत, एनएडी घेऊन कोर्टिसोल निकामी करण्याचं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल ते बंद पाडतं. रोज भरपूर ज्येष्ठमध खाणाऱ्याचा रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं ते त्यामुळे. त्यापासूनच बनवलेलं कार्बेनोक्सोलोन प्रयोगात अवरोधक म्हणून चालतं, मात्र ते दोन्ही प्रकार रोखतं.

टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन) करणाऱ्या ५-अल्फा-रिडक्टेजला एनएडीपीएच लागतं आणि इथे पीएच निर्णायक. वाटलेल्या ऊतीत टाइप २ साधारण ५ ते ५.५ ला जोरात चालतं, टाइप १ ला ७ च्या आसपासचा मोठा पट्टा चालतो. प्रोस्टेटचा नमुना फक्त ७.४ ला मोजलात तर त्यातलं मुख्य एन्झाइमच तुम्ही झोपवून ठेवलेलं असतं.

२. कागदपत्रं

- संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवून अर्ज लिहा. वार "टाकाऊ" असली तरी मंजुरी आणि मातेची संमती लागते.
- रुग्णाला समजेल अशा भाषेतलं, म्हणजे इथे मराठीतलं, संमतीपत्र. उरलेला नमुना साठवणार असाल तर तसं त्यात स्पष्ट लिहा.
- प्रत्येक गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल, रुग्णाचं वय, पाळी थांबली आहे का, आणि चालू औषधं.
- ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) वापरणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. ती ई-लोरा या प्रणालीतून मिळते आणि संस्थेत मान्यताप्राप्त किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी हवा. यात महिने जातात, म्हणून अर्ज सगळ्यात आधी.
- किनाऱ्यावरून प्राणी उचलण्याआधी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची बघा. समुद्रकाकडी, प्रवाळ आणि काही शंख त्यात येतात. बाजारात विकायला येणाऱ्या शिनाण्यांना ही अडचण नाही.

३. हाताशी काय हवं

मोठं सामान म्हणजे १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट) पर्यंत जाणारा अल्ट्रासेंट्रिफ्यूज, उणे ८० अंशांचा फ्रीझर, द्रव नायट्रोजन, किरणोत्सर्ग मोजणारा सिंटिलेशन काउंटर किंवा मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला एलसी (द्रव क्रोमॅटोग्राफ). छोटं, पण ज्यावाचून अडतं ते:

- बफर: ०.२५ मोलर सुक्रोज, ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.४, १ मिलिमोलर ईडीटीए, १ मिलिमोलर डीटीटी, १० ते २० टक्के ग्लिसरॉल.
- पीएमएसएफ (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं रोखणारं), ऐन वेळी घालण्यासाठी. पाण्यात ते तास-दोन तासांत निम्मं संपतं, त्यामुळे सकाळी घातलेलं दुपारी धरायचं नाही.
- एनएडीपीएच पुन्हा पुन्हा तयार करणारं मिश्रण: एनएडीपी १ मिलिमोलर, ग्लुकोज-६-फॉस्फेट १० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज मिलिलिटरला १ युनिट.
- काचेच्या नळ्या. स्टेरॉइड प्लॅस्टिकला चिकटतात. नॅनोमोलर पातळीवर काम करताना हे नुकसान किरकोळ राहत नाही.
- अवरोधक: लेट्रोझोल (अ‍ॅरोमॅटेजसाठी), फिनास्टेराइड (५-अल्फा-रिडक्टेजसाठी), कार्बेनोक्सोलोन (११-बीटा-एचएसडीसाठी).

ट्रिटियमबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. त्याचे बीटा कण इतके दुबळे आहेत, कमाल १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, की ते गायगर काउंटरला दिसत नाहीत आणि छातीवरच्या बॅजलाही नाहीत. काउंटर गप्प आहे म्हणून टेबल स्वच्छ आहे असं समजू नका. ओल्या गाळणीकागदाने टेबल पुसा आणि तो कागद सिंटिलेशनमध्ये मोजा.

४. ऊती गोळा करणं

*वार.* पूर्ण दिवसांची, बाहेर पडल्यापासून अर्ध्या तासात बर्फावर. पडदे आणि आईच्या बाजूचा थर काढून आतले मऊ अंकुर २० ते ३० ग्रॅम कापा आणि गार सलाइनमध्ये पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. रक्त राहिलं तर हिमोग्लोबिन मायक्रोसोमला चिकटून बसतं आणि प्रथिनाचा आकडा फुगवतं. छोटे भाग करून गोठवा. ही पुढे वर्षभर तुमची खात्रीची तुलना असणार आहे.

*गाठ.* इथे हातात १०० ते २०० मिलिग्रॅम येतं, कधी त्याहून कमी. शस्त्रक्रियेच्या खोलीत कुणीतरी द्रव नायट्रोजन घेऊन उभं असायला हवं, आणि रक्तपुरवठा तुटल्यापासून गोठवेपर्यंतची मिनिटं वहीत लिहायला हवीत. फॉर्मॅलिनमध्ये गेलेला तुकडा एन्झाइमसाठी मेला.

त्याच तुकड्याची एक कड पॅथॉलॉजीला द्या. स्तनात अ‍ॅरोमॅटेज गाठीच्या पेशींपुरतं नसतं, आजूबाजूच्या चरबीतल्या तंतुपेशींतही असतं. तुकड्यात गाठ किती टक्के आणि चरबी किती, हे माहीत नसेल तर दोन रुग्णांची तुलना कशाची करता आहात?

औषधांचा सापळा बारीक आहे. लेट्रोझोल आणि अ‍ॅनास्ट्रोझोल एन्झाइमला धरतात, पण कायमचं नाही. ऊती बफरमध्ये वाटली की औषध पातळ होतं, सुटतं, आणि उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या गाठीतही एन्झाइम ठणठणीत दिसतं. एक्झेमेस्टेन मात्र एन्झाइमला कायमचं निकामी करतं, ते वाटल्यावरही उलटत नाही. दोन्ही गट एकाच तक्त्यात घातलेत तर निष्कर्ष औषधाचा नसून पातळ करण्याचा निघेल.

*शिनाणे.* कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची हिरवी शिनाणी, पर्ना व्हिरिडिस, सुरुवातीला सोयीची. मिळायला सोपी आणि नर-मादी उघडल्यावर रंगावरून कळतात: पक्व मादीचं आवरण केशरी-तांबडं, नराचं दुधी. कालवं लिंग बदलतात, त्यामुळे ती नंतर. प्राणी गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात २४ ते ४८ तास ठेवा, म्हणजे आतडं रिकामं होतं. पचनग्रंथी वेगळी काढा. जननऊती शिनाण्याच्या आवरणात पसरलेली असते, म्हणून "बाकीचं मांस" हा प्रकार ठेवू नका. महिना, लिंग, पक्वता आणि पाण्याचं तापमान या चार नोंदींशिवाय नमुना गोठवू नका.

५. वाटणं आणि वेगळं करणं

एक भाग ऊती, चार भाग बफर, सगळं ४ अंशांवर. वार कात्रीने बारीक करून होमोजेनायझरमध्ये घाला. गोठवलेली गाठ नायट्रोजनमध्ये खलबत्त्यात पूड करून मगच बफरमध्ये, कारण ती तंतुमय असते आणि फिरत्या पात्याखाली जास्त वेळ ठेवली की तापते. पाच-दहा सेकंदांचे झटके, मध्ये बर्फ.

१०,००० जी वर २० मिनिटं, वरचा द्रव घ्या. तो १,००,००० जी वर ६० मिनिटं. खालचा गोळा मायक्रोसोम, वरचा द्रव सायटोसोल. गोळा बफरमध्ये एकदा धुऊन पुन्हा फिरवा, थोड्या बफरमध्ये मिसळा, लहान भाग करून उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही. गाठ १०० मिलिग्रॅमच असेल तर मायक्रोसोमच्या मागे लागू नका. पहिल्या फिरवणीचा वरचा द्रव वापरा आणि तसं स्पष्ट लिहा.

प्रथिन मोजताना बफर आडवा येतो. डीटीटी आणि ईडीटीए लाउरी पद्धत बिघडवतात, डिटर्जंट ब्रॅडफर्डला. प्रमाणित द्रावणं त्याच बफरमध्ये करा.

शिनाण्याच्या पचनग्रंथीत प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) ठासून भरलेली असतात. तिथे पीएमएसएफबरोबर अवरोधकांचं मिश्रण लागतंच. मायक्रोसोम शाबूत आहेत का हे बघायला कार्बन मोनॉक्साइड आणि डायथायोनाइटचा वर्णपट काढा: शिखर ४५० ऐवजी ४२० नॅनोमीटरला आलं तर सायटोक्रोम मोडलेलं आहे, पुढचा दिवस वाया घालवू नका.

६. नळीत काय, किती, किती वेळ

नळीतलं एकूण आकारमान ०.५ मि.ली. ठेवा. स्टेरॉइड इथेनॉलमधून द्या, पण इथेनॉल १ टक्क्याच्या वर नको. मानवी ऊती ३७ अंशांना, शिनाणी ज्या पाण्यातून आली त्याच्या जवळ, म्हणजे आपल्याकडे २५ ते २८ अंशांना. सगळं एनएडीपीएचशिवाय पाच मिनिटं गरम होऊ द्या, मग एनएडीपीएचने सुरुवात करा.

पहिला प्रयोग हा मोजणीचा नसतोच. तो सरळ रेषेचा असतो: ०, ५, १०, २० आणि ४० मिनिटं, आणि प्रथिनाच्या तीन मात्रा. रेषा वाकते त्याच्या आत राहा. घातलेल्या स्टेरॉइडपैकी १० टक्क्यांहून जास्त बदललं तर वेळ किंवा प्रथिन कमी करा. वारेबाबत नवख्यांची हमखास चूक हीच: एन्झाइम इतकं असतं की दोन मिनिटांत सगळं संपतं आणि दोन वेगळे नमुने सारखेच दिसतात.

स्टेरॉइडची मात्रा एन्झाइमच्या आवडीला धरून ठेवा. अ‍ॅरोमॅटेजला काही दहा नॅनोमोलर पुरतात, १०० नॅनोमोलर भरपूर. "जास्त घातलं की जास्त दिसेल" म्हणून १० मायक्रोमोलर ओतलंत तर एरवी या कामात नसलेली एन्झाइमंही हात मारून घेतात.

ब्लँक चार हवेत: ऊतीशिवाय, एनएडीपीएचशिवाय, उकळलेल्या ऊतीचं, आणि अवरोधकासह. फक्त उकळलेलं ब्लँक पुरत नाही. उकळलेलं प्रथिन गुठळ्या करून स्टेरॉइड धरून ठेवतं, म्हणून ते कधीकधी खोटं कमी दिसतं.

७. अ‍ॅरोमॅटेज: ट्रिटियमचं पाणी

अँड्रोस्टेनडायोनच्या १-बीटा जागेवर ट्रिटियम असतं. स्टेरॉइडचं पहिलं कडं अ‍ॅरोमॅटिक होताना तो अणू सुटतो आणि पाण्यात जातो, म्हणजे पाणी मोजलं की एन्झाइम मोजलं. ठरलेल्या वेळी २ मि.ली. क्लोरोफॉर्म घालून जोरात हलवा आणि फिरवा. वरच्या पाण्यातला ठरलेला भाग घेऊन त्यात ५ टक्के कोळसा आणि ०.५ टक्के डेक्स्ट्रान यांचं मिश्रण घाला, पुन्हा फिरवा, वरचं स्वच्छ पाणी सिंटिलेशनमध्ये.

आता हिशोब. ०.५ मि.ली. मध्ये १०० नॅनोमोलर म्हणजे ५० पिकोमोल. मिलिमोलला २५ क्युरी असलेला पदार्थ घेतला तर एका पिकोमोलचे ५५,५०० डीपीएम (मिनिटाला होणारी विघटनं), नळीत एकूण सुमारे २७.७५ लाख. समजा त्यातला ०.१ टक्का ट्रिटियम आधीच सुटून पाण्यात आहे: ब्लँक झालं २,७७५. गाठीचं ०.२ मिलिग्रॅम प्रथिन, एक तास, आणि ब्लँक वजा करून उरले १,११०. म्हणजे ०.०२ पिकोमोल, दर मिलिग्रॅमला तासाला १०० फेमटोमोल. खरा संकेत ब्लँकच्या निम्म्याहूनही कमी! म्हणून गाठीच्या कामात कौशल्य लागतं ते ब्लँक खाली आणण्यात. अँड्रोस्टेनडायोनचं द्रावण वापरण्याआधी वाळवून पुन्हा विरघळवा, किंवा टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने) शुद्ध करा. महिनोन्‌महिने ठेवलेली बाटली थेट वापरू नका.

दोन गुणक विसरले जातात. ट्रिटियमपैकी १-बीटावर किती टक्के आहे ते बाटलीबरोबरच्या कागदावर असतं. ८० टक्के असेल तर वरचा १०० चा आकडा १२५ होतो. आणि ०.५ मि.ली. पाण्यापैकी जेवढं मोजलं त्या प्रमाणात, कोळशाच्या मिश्रणाने वाढलेलं आकारमान धरून, गुणा.

८. बाकीच्यांसाठी पदार्थ वेगळे करणं

सल्फाटेज (स्टेरॉइडला जोडलेलं सल्फेट तोडणारं एन्झाइम) सोपं आहे. इस्ट्रोन सल्फेट घाला, शेवटी टोल्युइनने काढा. मोकळं इस्ट्रोन टोल्युइनमध्ये जातं, सल्फेट पाण्यात राहतं. स्तनाच्या गाठींत हा आकडा अ‍ॅरोमॅटेजच्या कितीतरी पट येतो, त्यामुळे नवख्याने गाठीतलं पहिलं यश इथे मिळवावं.

एचएसडी आणि रिडक्टेजसाठी इथाइल अ‍ॅसिटेटने दोनदा काढा, वाळवा, सिलिकाच्या टीएलसीवर किंवा एलसीवर वेगळं करा. काढण्याआधी प्रत्येक नळीत कार्बन-१४ किंवा ड्युटेरियम लावलेलं तेच स्टेरॉइड ठरलेल्या मात्रेत घाला, म्हणजे वाटेत किती सांडलं ते कळतं. रिडक्टेजमध्ये फक्त डीएचटी मोजून थांबू नका. प्रोस्टेटमध्ये ते लगेच पुढे अँड्रोस्टानडायॉल होतं, म्हणून ५-अल्फा पदार्थांची बेरीज घ्या. टीएलसीवर एका जागी आलेला डाग म्हणजे ओळख पटली असं नाही. दुसऱ्या द्रावकात किंवा मास स्पेक्ट्रोमीटरवर तो पुन्हा त्याच नावाने यायला हवा.

९. समुद्री प्राण्यांकडे वळताना

इथे वारेवर शिकलेल्या अर्ध्या सवयी सोडाव्या लागतात. शिंपल्या-गोगलगायींच्या जनुकसंचांत सीवायपी१९ हे अ‍ॅरोमॅटेजचं जनुक सापडलेलं नाही, कोलेस्टेरॉलची शेपटी तोडणारं सीवायपी११ए१ही नाही. त्यांचा इस्ट्रोजेन रिसेप्टर इस्ट्राडायॉल न बांधताच चालू असतो. तरीही त्यांच्या मांसात टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल सापडतं, कारण हे प्राणी पाण्यातून स्टेरॉइड शोषतात आणि आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात.

धरून ठेवतात ते मेदाम्लाला बांधून. शिनाण्यात खरंच जोमदार असलेलं एन्झाइम म्हणजे हे बांधणारं अ‍ॅसिलट्रान्सफरेज. मायक्रोसोम, इस्ट्राडायॉल आणि १०० मायक्रोमोलर पामिटॉइल-कोए घेतलं की ते दिसतं. तयार झालेलं एस्टर टीएलसीवर द्रावकाच्या कडेला पळतं. नवखे तो भाग "चरबी" म्हणून खरवडतच नाहीत आणि मग हिशोबात स्टेरॉइड कमी का भरतं म्हणून डोकं खाजवत बसतात. तो पट्टा घ्या, पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलेल्या मिथेनॉलमध्ये साबणीकरण करा, सुटलेलं स्टेरॉइड पुन्हा चालवा.

जिवंत प्राण्यांवर प्रयोग करत असाल तर प्राण्याशिवायच्या पाण्याची टाकी आणि रिकाम्या शिंपल्यांची टाकी, दोन्ही हव्यात. शिंपल्यावरचे जिवाणूही टेस्टोस्टेरॉन खातात.

आणखी एक वर्तुळाकार सापळा. सल्फेट आणि ग्लुक्युरोनाइड तोडायला जी तयार पावडर मिळते ती अनेकदा हेलिक्स पोमॅशिया गोगलगायीच्या किंवा पॅटेला या समुद्री लिंपेटच्या पाचकरसाची असते. हेलिक्सच्या रसात स्टेरॉइड बदलणारी एन्झाइमंही येतात आणि ३-बीटा-हायड्रॉक्सी स्टेरॉइडचं किटोन करून टाकतात. त्यामुळे पावडर घातलेलं शुद्ध स्टेरॉइड हे एक जादा ब्लँक.

ट्रायब्युटिलटिनने गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं, त्याला इम्पोसेक्स म्हणतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९९ साली क्रोनिया कोंकणेन्सिसमध्ये त्याची नोंद केली. जहाजांच्या रंगातल्या या पदार्थावरचा आंतरराष्ट्रीय करार २००१ चा, तो लागू झाला सप्टेंबर २००८ मध्ये. जुन्या लिखाणात त्याचं कारण "अ‍ॅरोमॅटेज बंद पडतं" असं दिलेलं असायचं. २००४ नंतर आरएक्सआर (रेटिनॉइड एक्स) रिसेप्टरकडे बोट दाखवणारे पुरावे आले, आणि जनुकच नसलेल्या एन्झाइमला दोष देणं तसंही अवघड झालं.

शिनाण्यात ट्रिटियमचं पाणी मिळालं तर काय? १-बीटा जागेवर हायड्रॉक्सिल लावणारं दुसरं कुठलंही सायटोक्रोम तो अणू सोडू शकतं. म्हणून तीन गोष्टी तपासा: लेट्रोझोलने आकडा पडतो का, त्याच नळीत इस्ट्रोन मास स्पेक्ट्रोमीटरवर दिसतं का, आणि पाणी व इस्ट्रोन यांचे पिकोमोल जुळतात का. वारेत तिन्ही जुळतात. शिनाण्यात जुळेपर्यंत तक्त्यातल्या त्या रकान्याला "अ‍ॅरोमॅटेज" असं नाव देऊ नका. "१-बीटा जागेवरून सुटलेलं ट्रिटियम" एवढंच लिहा.